आयसी फिफ्टी दर आठवड्याला उड्या मारतोय? झाडाला सोडा, आधी कंट्रोल बघा

पाऊस लागला की आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या, खिडकीकडची भिंत ओल धरणार आणि प्रोजेक्टवाली पोरं वही घेऊन येऊन म्हणणार, सर डीपीपीएच जुळंना झालंय (झाडाच्या अर्कातले अँटिऑक्सिडंट किती जोरदार ते बघायची टेस्ट ती). बारा वर्षं झाली मी बेळगावात एका फार्मसी कॉलेजच्या इन्स्ट्रुमेंट रूमला आहे, स्पेक्ट्रोच्या (द्रावणाचा रंग मोजायच्या मशीनच्या) शेजारीच माझी खुर्ची, त्यामुळे हे रडगाणं दरवर्षी पहिल्यांदा माझ्याच कानावर पडतं. झाडं फिरून फिरून तीच, हिरडा, आवळा, गुळवेल, कोकम, जांभूळ, कारण खानापूर-जांबोटीकडं गेलं की हाताला लागतात आणि नाही जमलं जायला तर रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. तक्रार पण तीच, बाटली तीच, अर्क तोच, पद्धत तीच, खरं या सोमवारी आयसी फिफ्टी (अर्काचा जोर सांगणारा आकडा) २१ आणि पुढच्या सोमवारी १२. (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, पुण्याकडच्यांनी गोंधळून जाऊ नये.)

यंदा खानापूर तालुक्यातल्या एका पोरीचं हेच झालं, जांभळाच्या बियांवर तिचं काम, आणि नक्की कुठं चुकतंय ते सापडायला आम्हाला तीन आठवडे लागले. दरवर्षी कुणाच्या तरी वाट्याला हे येतंच म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय.

ज्यांनी नुसतं नाव ऐकलंय त्यांच्यासाठी दोन वाक्यात सांगतो. डीपीपीएच म्हणजे बाटलीत टिकून राहणारा फ्री रॅडिकल (जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू), मिथेनॉलमध्ये टाकला की वांगी रंग येतो, ५१७ नॅनोमीटरला तो रंग मोजायचा, त्यात अर्क घातला की अर्कातले अँटिऑक्सिडंट त्याला हायड्रोजन देऊन टाकतात आणि रंग पिवळा पडत जातो, तीस मिनिटं अंधारात ठेवून किती रंग गेला ते बघायचं. अर्धा रंग घालवायला जेवढा अर्क लागतो तो आयसी फिफ्टी, म्हणजे आकडा जितका लहान तितका अर्क जोरदार. १९५८ साली ब्लॉइस यांनी ही पद्धत मांडली, आणि हल्ली बरेचजण ज्या धर्तीवर करतात ती ब्रँड-विल्यम्स आणि त्यांच्या सोबत्यांची, १९९५ ची. एवढी सोपी दिसते की पोरं सकाळी शिकून दुपारी आकडे काढतात, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथंच होते.

आता त्या पोरीला मी पहिला प्रश्न विचारला तो जांभळाचा नव्हता. विचारलं, व्हिटॅमिन सीचा (तुलनेला लावायचं स्टँडर्ड ते) किती आला? म्हणाली, "सर तो पहिल्या दिवशी एकदाच केलेला, ४.१ आला, तोच सगळीकडं लिहिलाय." दहातली आठ पोरं हेच करतात. स्टँडर्ड म्हणजे काय रिपोर्टमध्ये एक ओळ भरायला असतो व्हय, तो दर वेळी अर्काच्या सोबत लावायचा, त्याच दिवशी, त्याच डीपीपीएचमध्ये. तो बदलला तर समजायचं झाडाचा काही संबंध नाही, गडबड आपल्या हातात नाहीतर बाटलीत आहे. तो जागेवर असेल आणि अर्कच तेवढा हलत असेल तर मग अर्काकडं बघायचं. तिनं दुसऱ्या आठवड्यात लावला तर २.४, तिसऱ्या आठवड्यात ८.७. पोरगी रडायच्या बेतात.

इथं एक हिशोब सांगतो, तो पाठ करून ठेवा. व्हिटॅमिन सीचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू गारद करतो. म्हणजे ट्यूबमध्ये शेवटी डीपीपीएच ०.१ मिलिमोलर (द्रावण किती दाट ते सांगायचं माप) असेल तर त्यातला अर्धा म्हणजे ०.०५ घालवायला ०.०२५ मिलिमोलर व्हिटॅमिन सी लागणार, त्याचा रेणूभार १७६, गुणाकार केला की ४.४ मायक्रोग्रॅम प्रति मिली. झालं. हा आकडा कुठल्या पेपरमधनं घ्यायचा नाही, कागदावरच निघतो. तुमच्या ट्यूबमध्ये डीपीपीएच ०.०५ असेल तर तो २.२ येणार, आणि ती काही चूक नाही, हिशोबच तसा आहे. म्हणून एका पेपरात व्हिटॅमिन सीचा आयसी फिफ्टी २ आणि दुसऱ्यात ५ बघून आपलंच चुकलं म्हणून रात्रभर जागू नका, आधी त्यांनी डीपीपीएच किती घेतलेला ते बघा. तुमचा आकडा हिशोबापेक्षा बराच खाली आला तर डीपीपीएच पातळ झालेला असतो. बराच वर गेला तर व्हिटॅमिन सी मेलेला असतो नाहीतर डायल्युशन, म्हणजे किती पट पातळ केलं ते, लिहिताना चुकलेलं असतं.

मग मी वही मागितली. वहीत नुसते टक्के. ४३ टक्के, ६१ टक्के, ७८ टक्के, सगळं छान, खरं ज्याच्यावरून टक्के काढले तो कंट्रोलचा अॅब्सॉर्बन्स (द्रावणानं उजेड किती शोषला तो आकडा) कुठंच लिहिलेला नाही. कंट्रोल म्हणजे डीपीपीएच आणि अर्काच्या जागी नुसतं मिथेनॉल. टक्के काढले की तो आकडा भागाकारात जातो आणि दिसेनासा होतो, म्हणूनच सगळे त्याला विसरतात. नशीब की स्पेक्ट्रोच्या कॉम्प्युटरमध्ये जुनी रीडिंग होती. काढून बघितलं तर पहिल्या आठवड्यात कंट्रोल १.१२, दुसऱ्यात ०.६४, तिसऱ्यात ०.९८.

आता गंमत बघा. जांभळाच्या बियांचा आकडा पहिल्या आठवड्यात २१, दुसऱ्यात १२. भागाकार १.७५. व्हिटॅमिन सी ४.१ आणि २.४, भागाकार १.७ च्या वर. कंट्रोल १.१२ आणि ०.६४, भागाकार परत १.७५. म्हणजे जांभूळ काही बदललं नव्हतं, डीपीपीएचच जवळजवळ निम्म्यावर आलेला, आणि सगळं त्याच्या मागं खाली सरकलेलं. तिसऱ्या आठवड्यात जांभूळ १८, ते पण ०.९८ ला धरूनच. मग त्या दिवशी व्हिटॅमिन सी तेवढा ८.७ कसा काय? त्यानं तर ३.७ च्या आसपास यायला पाहिजे होतं. म्हणजे दोन वेगवेगळे चोर होते आणि आम्ही एकच शोधत बसलेलो.

दुसरा चोर सोपा निघाला. व्हिटॅमिन सीचा स्टॉक, म्हणजे पातळ करायच्या आधीचं दाट द्रावण, पाण्यात केलेला आणि आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवून तोच वापरलेला. पाण्यात व्हिटॅमिन सी टिकत नाही, हवा आणि उजेड लागला की ऑक्सिडाइज होतो, पाण्यात तांब्याचा नाहीतर लोखंडाचा अंश असला तर आणखीनच लवकर. तो त्याच दिवशी करायचा, फॉइल गुंडाळायची, संध्याकाळी बेसिनमध्ये ओतून द्यायचा. स्वस्त आहे, जीव अडकवायचं कारण नाही.

पहिला चोर मात्र लई हुशार. ०.१ मिलिमोलर डीपीपीएच १०० मिली करायचा तर ३.९४ मिलिग्रॅम लागतो. आमचा चार आकडी वजनकाटा जूनमध्ये कॅलिब्रेशनला गेलेला, मग ही पोरगी गोळ्यांच्या प्रॅक्टिकलला असतो त्या तीन आकडी काट्यावर ०.००४ आलं की थांबत होती. त्या काट्याला एका मिलिग्रॅमच्या खालचं काही दिसतच नाही. चारात एकाची चूक म्हणजे पंचवीस टक्के, आणि वर पंखा चालू. काटा ०.००४ दाखवतोय म्हणून तिला वाटतंय बरोबर आहे, त्यात तिची चूक तरी काय म्हणायची.

वर आणखी फ्रीज. डीपीपीएच थंड ठेवायचा ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, बाहेर काढल्यावर काय करायचं ते कुणी सांगत नाही. जुलैत आमच्याकडं हवा म्हणजे ओला टॉवेल, थंडगार बाटली काढून लगेच झाकण उघडलं की आत दव धरतं, तेवढं पाणी पावडरीबरोबर वजनात येतं, आणि तीच बाटली दिवसात चार वेळा आतबाहेर केली की पावडरीच्या गुठळ्या व्हायला लागतात. बाटली काढली की झाकण लावलेलंच ठेवून अर्धा तास बाहेर ठेवायची, बाहेरून हाताला कोरडी आणि गार नाही असं लागलं की मगच उघडायची. उन्हाळ्यात हा प्रकार जाणवत नाही, म्हणून हे दुखणं नेमकं पावसाळ्यात उठतं, आणि पोरांना वाटतं पावसाळ्यात झाडातलेच अँटिऑक्सिडंट बदलले.

उपाय काय केला ते सांगतो. ४ मिलिग्रॅम मोजायचं बंद. चांगल्या काट्यावर ९.८६ मिलिग्रॅम घेऊन २५ मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये मिथेनॉलनं पुरं करायचं, हा १ मिलिमोलर स्टॉक, नीट विरघळायला पाच-दहा मिनिटं सोनिकेटरला (ध्वनिलहरींनी ढवळायच्या मशीनला) धरायचं, कारण तळाशी काळे कण राहिले तर परत पहिले पाढे पंचावन्न. त्यातनं दहापट पातळ करून वापरायचा. आणि वजनावर विश्वास ठेवायचाच नाही, रीडिंग घ्यायचं. ०.१ मिलिमोलर डीपीपीएच मिथेनॉलमध्ये एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये (रीडिंगच्या छोट्या चौकोनी नळीत) ५१७ ला साधारण १.१ ते १.२५ च्या मधे दाखवतो. ०.६४ दाखवला तर कागदावर काहीही लिहिलेलं असू दे, तुमच्याकडं ०.१ नाही. आम्ही आता ठरवून टाकलंय, कामाचा डीपीपीएच कंट्रोलला १.० च्या आसपास येईल असा पातळ करून घ्यायचा, दर वेळी तेवढाच, आणि तो आकडा वहीत सगळ्यात वर लाल पेननं. १.५ च्या वर कंट्रोल घेऊन काम करणारे पण बघितलेत मी, जुना स्पेक्ट्रो तिथं सरळ वागत नाही, टक्के कमी दिसतात.

हा पातळ केलेला डीपीपीएच पण दुसऱ्या दिवशीला ठेवायचा नाही, उजेडात हळूहळू उतरतो. कंट्रोलची एक ट्यूब अर्काच्या ट्यूबसारखीच तीस मिनिटं अंधारात ठेवा, सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग दोन्ही घ्या. शेवटचं बरंच खाली आलं असेल तर अर्क न घालताच रंग जातोय, मग मिथेनॉलची बाटली बदलून बघा, क्युवेट नीट धुतलेत का ते बघा.

इथपर्यंत जे झालं ते सगळ्या झाडांना लागू. आता झाडागणिक वेगळी दुखणी आहेत.

हिरड्याचं दुखणं म्हणजे तो जास्तच चांगला आहे. टॅनिन भरभरून, चेब्युलॅजिक आम्ल, चेब्युलिनिक आम्ल, गॅलिक आम्ल, सगळं एका फळात. पोरं कुठल्या तरी पेपरमधनं १००, २००, ३००, ४००, ५०० मायक्रोग्रॅम अशी रेंज उचलतात आणि उत्तरं येतात ९३, ९४, ९४, ९५, ९४. मग एक्सेलला सांगतात रेषा मार, एक्सेल बिचारं मारतं, आणि आयसी फिफ्टी येतो उणे कितीतरी हजार. एकानं तर उणे चिन्ह टायपिंग मिस्टेक म्हणून काढून रिपोर्टला लावलेलं. अहो ट्यूबमधला डीपीपीएच पहिल्याच डोसला संपलाय, पुढं तुम्ही किती का ओता. आधी एक दिवस नुसता अंदाजाला द्यायचा, १, ३, १०, ३०, १००, ३०० असं लावायचं, वीस टक्के आणि ऐंशी टक्के कुठं येतात ते बघायचं, मग त्या मधल्या जागेत पाच-सहा ठिपके. ९५ च्या वर का जात नाही म्हणून पण विचारतात, त्याचं कारण साधं, रंग पिवळा झाला तरी त्या पिवळ्याचं थोडं रीडिंग ५१७ ला राहतंच.

कोकमाचं दुखणं रंगाचं. आमसुलाचा लाल रंग सायनिडिन जातीच्या अँथोसायनिनचा, आणि तो नेमका ५१०-५२० च्या आसपास रीडिंग देतो, म्हणजे डीपीपीएचच्या अंगणातच येऊन उभा राहतो. समजा कंट्रोल १.००, कोकम घातल्यावर ०.५५, तुम्ही लिहिणार ४५ टक्के. खरं तेवढाच अर्क नुसत्या मिथेनॉलमध्ये, डीपीपीएच न घालता, बघितला तर त्याचाच ०.२० निघतो. तो वजा केला की राहिले ०.३५, म्हणजे ६५ टक्के. वीस टक्क्यांचा फरक नुसत्या एका ब्लँकचा. आणि हा ब्लँक दर डोसला वेगळा लावायचा, जास्त डोसला रंग जास्त. जांभळाचा गर घेतला तर हेच, बियांचं काम असेल तर तेवढं जाचत नाही. शिवाय कोकम आंबट, आणि अर्क आंबट असला की मिथेनॉलमध्ये बऱ्याच फिनॉलांची (झाडातल्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांची) डीपीपीएचशी होणारी प्रतिक्रिया हळू पडते, म्हणून तीस मिनिटांवर थांबू नका, पंचेचाळीस आणि साठ मिनिटांना पण रीडिंग घ्या, आकडा अजून उतरतोच आहे की थांबलाय ते बघा.

वेळेचं निघालंच आहे तर, व्हिटॅमिन सी मिनिटाच्या आतच काम उरकतो, बीएचटी (कारखान्यात बनवलेलं अँटिऑक्सिडंट) तासन्‌तास हळूहळू करत बसतो, आणि झाडाचा अर्क म्हणजे दोघांसारखी माणसं एकाच घरात. त्यामुळे तीस मिनिटं म्हणजे तीसच. चाळीस ट्यूबा एकदम भरून ठेवतात आणि मग क्रमानं वाचायला बसतात, पहिली ट्यूब तिसाव्या मिनिटाला आणि शेवटची पन्नासाव्या. भरताना अर्ध्या अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवा आणि वाचताना तेच, मोबाईलला टायमर असतोच की. आणि लाईट गेली तर? आमच्याकडं पावसात जातेच. स्पेक्ट्रोचा दिवा परत लागल्यावर स्थिर व्हायला वीसेक मिनिटं लागतात, ती बॅच सोडून द्या, जीवावर येतं खरं सोडा.

गुळवेलीचं दुखणं मला सगळ्यात जास्त आवडतं कारण ते घरात पण दिसतं. आजीनं गुळवेल सत्त्व काढलेलं बघितलंय ना, कांड ठेचून पाण्यात कुस्करून ठेवायचं, खाली पांढरं बसतं, ते मुख्यतः पिष्टच. आता तुमचा गुळवेलीचा काढा म्हणजे पाण्याचा अर्क, त्यात तेच पिष्ट आणि चिकट पॉलिसॅकराइड, तो मिथेनॉलमधल्या डीपीपीएचमध्ये घातला की ट्यूब दुधासारखी गढूळ. गढूळपणा म्हणजे उजेड अडला, म्हणजे अॅब्सॉर्बन्स वाढला, म्हणजे टक्के कमी, कधी कधी चक्क उणे. वर डीपीपीएच स्वतः पाण्यात विरघळत नाही, ट्यूबमध्ये पाणी निम्म्यापर्यंत गेलं की तोच खाली बसायला लागतो. एका ग्रुपनं दोन मिली काढा आणि दोन मिली डीपीपीएच असं केलेलं, आकडे म्हणजे लॉटरी. पाणी पाव हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका, एक मिली अर्क आणि तीन मिली डीपीपीएच इथपर्यंत ठीक. काढा आधीच मिथेनॉलबरोबर मिसळून थोडा वेळ ठेवा, सेंट्रिफ्यूज करा (मशीनमध्ये गरगर फिरवून कण तळाला बसवा), वरचं निवळ घ्या, आणि रिपोर्टमध्ये लिहा की हे निवळाचं रीडिंग आहे, सगळ्या काढ्याचं नव्हे. गढूळ आहे की नाही हे डोळ्याला कळत नसेल तर ७०० नॅनोमीटरला एक रीडिंग घ्या, तिथं डीपीपीएच जवळजवळ काहीच दाखवत नाही, तरी आकडा आला तर समजायचं कण आहेत.

पिपेटचं एक राहिलं. मायक्रोपिपेटनं मिथेनॉल उचललं की टोकातनं थेंब गळतो, कारण आतल्या हवेत मिथेनॉलची वाफ भरते आणि ढकलते. टिप त्याच मिथेनॉलनं दोन-तीन वेळा भरून रिकामी करायची, मग उचलायचं. आणि तोंडानं पिपेट ओढायची जुनी सवय असलेले अजून एखाद-दोन सर आहेत, मिथेनॉल आहे ते, डोळे जातात, जीव जातो, हा विषय चेष्टेचा नाही.

डायल्युशन कसं लिहायचं यावरनं दर वर्षी भांडण. ब्रँड-विल्यम्सच्या धर्तीवर ०.१ मिली अर्क आणि ३.९ मिली डीपीपीएच घेतलात तर अर्क चाळीसपट पातळ होतो. स्टॉक ४०० मायक्रोग्रॅम असेल तर ट्यूबमध्ये फक्त १०. एकजण ४०० लिहितो, दुसरा १०, आणि मग दोघं एकमेकाला म्हणतात तुझा आयसी फिफ्टी चुकलाय. काय लिहायचं ते लिहा, खरं शेजारी स्पष्ट सांगा ट्यूबमधला की स्टॉकमधला. मी तरी ट्यूबमधलाच लिहायला लावतो, कारण वर सांगितलेला व्हिटॅमिन सीचा हिशोब त्यालाच लागू पडतो.

एवढं सगळं जागेवर येऊन व्हिटॅमिन सी दर वेळी ४ च्या वरखाली येत असेल आणि तरी अर्क हलत असेल, तर मग अर्काकडं या. पहिलं म्हणजे तो कोरडा आहे का. रोटाव्हॅपवर (कमी दाबानं द्रावक उडवायच्या यंत्रावर) सुकवलेला अर्क बहुतेक वेळा गुळासारखा चिकट असतो, पावसाळ्यात झाकण नीट नसलं की हवेतलं पाणी ओढून घेतो, तुम्ही १० मिलिग्रॅम म्हणून मोजता त्यात अर्क किती आणि पाणी किती देव जाणे. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, त्यातली सिलिका निळी आहे का बघा (आमच्याकडची गुलाबी होऊन दोन वर्षं झालेली, सगळ्यांना वाटायचं तिचा रंगच तो), आणि अर्काच्या एका भागाचं १०५ अंशाला ओलावा किती ते काढून हिशोबात धरा. अर्क छोट्या छोट्या बाटल्यात भागून ठेवा, एक बाटली एकदाच उघडायची.

मग कच्चा माल. आवळा उन्हात वाळवला का सावलीत, पावडर किती महिन्यांची, कांड कोवळं का जून, सगळ्यानं फरक पडतो. आणि आमच्या भागात नावाचं एक वेगळंच प्रकरण आहे. इथं एकाच टेबलावर मराठी पोर आणि कन्नड पोर काम करतात, एक म्हणतो आवळा दुसरा म्हणतो नेल्लीकाई, एक गुळवेल दुसरा अमृतबळ्ळी, एक हिरडा दुसरा अळलेकाई, तिथं काही अडत नाही. अडतं ते ब्राह्मीला. मराठीत ब्राह्मी म्हटलं की कुणी बाकोपा आणतो, कुणी सेंटेला म्हणजे मंडूकपर्णी आणतो, दोन्ही ओलाव्यात वाढतात, दोन्ही बुद्धीसाठी म्हणून देतात, खरं झाडं पूर्ण वेगळी. मागं दोन पोरींचे ब्राह्मीचे आकडे महिनाभर जुळत नव्हते, शेवटी चिकोडीकडची कन्नड बोलणारी पोरगी म्हणाली, "सर, इदु ओंदेलग." ओंदेलग म्हणजे एक पानवाली, सेंटेला. दुसरीच्या पिशवीत बारीक जाडसर पानांची बाकोपा. महिनाभर दोन वेगळ्या झाडांची तुलना चाललेली. तेव्हापासनं पिशवीवर शास्त्रीय नाव लिहिल्याशिवाय मी स्पेक्ट्रो चालू करून देत नाही, आणि झाडाचा वाळवलेला नमुना कागदावर चिकटवून बॉटनीवाल्यांकडनं ओळखून घ्यायचा.

फोलिन-सिओकाल्टू ही दुसरी टेस्ट करणारे म्हणतील आमचं काय, तर तुमचं दुखणं थोडं निराळं. १९२७ ची ती मूळ पद्धत, १९६५ मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी सुधारलेली, ७६५ ला निळा रंग मोजायचा आणि गॅलिक आम्लाच्या हिशोबात लिहायचं. ती फिनॉल मोजते असं म्हणतात, खरं ती जे जे काही ऑक्सिडाइज होतं ते सगळं मोजते. आवळ्यातला व्हिटॅमिन सी पण त्यात येतो, साखर जास्त असली तर ती पण, म्हणून बाजारातल्या गोड कोकम सरबतावर ही टेस्ट करून कुणी फिनॉल भरपूर आहेत असं लिहू नये. रिएजंटची बाटली पिवळी असावी, हिरवट झाली की टाकून द्यायची. सोडियम कार्बोनेट घातल्यावर पांढरा साका येत असेल तर गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून वाचा.

एफआरएपी आणि एबीटीएस या अँटिऑक्सिडंटच्याच आणखी दोन टेस्ट, त्यांच्याबद्दल एकच, त्यांचा क्रम डीपीपीएचशी जुळला नाही तर ती चूक समजू नका. एफआरएपी ३.६ पीएचला लोखंड किती कमी होतं ते बघते, एबीटीएस पाण्यात पण चालते म्हणून काढ्यांना बरी पडते, ७३४ ला वाचतात तिथं कोकमाचा लाल रंग पण आड येत नाही. गुळवेलवाल्यांना आणि कोकमवाल्यांना मी हल्ली सरळ एबीटीएसकडंच ढकलतो, फक्त त्याचं द्रावण आदल्या दिवशी करून बारा ते सोळा तास अंधारात ठेवायला लागतं आणि नेमकं तेच सगळे विसरतात.

आणि त्या जांभळाच्या पोरीचं पुढं काय झालं तर, काटा परत आला, बाटली अर्धा तास बाहेर ठेवायला लागली, कंट्रोल दर वेळी १.० ला आणून ठेवला, व्हिटॅमिन सी रोज ताजा. चार सोमवारी जांभूळ १८, १९, १८, १९. पाचव्या सोमवारी २४. पळत आली, म्हणाली, "सर, परत सुरू झालं की!" मी म्हटलं व्हिटॅमिन सी किती? ४.०. कंट्रोल? १.०१. मग या वेळी बाटलीकडं जायचं कारणच नव्हतं, सरळ बियांच्या डब्याकडं गेलो, तर आतली पावडर संपलेली म्हणून तिच्या मावशीनं गावाकडनं नव्या बिया पाठवलेल्या, त्या चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवलेल्या. तो आकडा आम्ही खोडला नाही, वेगळी बॅच म्हणून वेगळ्या ओळीत लिहिला. फ्रीजच्या दारावर आता कागद लावलाय, वर मराठीत 'बाटली काढल्यावर अर्धा तास उघडू नये', खाली कन्नडमध्ये 'मुट्टबेडी' म्हणजे हात लावू नका, ओलीनं दोनदा सुटून पडला म्हणून परवा चारी बाजूंनी सेलोटेप मारली.